पाचवीची अंघोळ

मी निमोण्याची आशा सेविका. सुलक्षणा माझं नाव, पण गावात ते कोण घेत न्हाई. 'हात धुवा बाई' म्हणतात मला. कुणाच्याबी घरात पाय टाकला की माझं पहिलं वाक्य तेच असतं, म्हणून. म्हणू द्यात. बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळाचं वजन बघायचं, ताप बघायचा, आईला चार गोष्टी सांगायच्या, कार्ड भरायचं. बारा वर्षं झाली ह्या कामाला. ह्या बारा वर्षांत किती सासवांशी वाकडं घेतलं ते माझं मला ठाऊक.

म्हाळसाबाईचंच घ्या. वरच्या आळीला राहती. नातू होऊन तीन दिवस झाले न्हाईत, तर बाई सहाणेवर घुटी उगाळत बसलेली आन् बाजूला मधाची बाटली. मी म्हणलं, "हे कुणासाठी?" म्हणली, "बाळासाठी. पोट साफ व्हतं." मी सहाण उचलली आन् सरळ मोरीत नेऊन खळाखळा धुऊन टाकली.

"अगं बया! माझ्या सासूची सहाण हाय ती!"

"मग हार घालून भिंतीला लावा," मी म्हणलं. "सहा महिने ह्या पोराच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंब सुदीक जाता कामा न्हाई. आन् मला एक सांगा, तुमची गाय व्यायली तवा पहिला चीक कुणाला पाजला?"

"वासराला. मग कुणाला पाजायचा?"

"आन् सुनेचा पहिला चीक पिळून टाकायला लावला. वासराला समजतं ते आपल्याला समजंना व्हय?"

सून पदराआड हसत होती. अशी मी. तोंडाळ म्हणा, आगाऊ म्हणा, मला त्याचं काय न्हाई. दूध पाजलं की बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटा, ढेकर काढल्याशिवाय आडवं करू नका. झोपवायचं ते उताणं. नाळेला हळद न्हाई, राख न्हाई, काय न्हाई, नुसती कोरडी ठेवायची. काजळ स्वतःच्या डोळ्यांत घाला. वजन अडीच किलोच्या खाली असलं तर घाईनं अंघोळ घालायची न्हाई, कपड्यानं पुसायचं आन् आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं. आन् नाकात, कानात तेल? तेलाची वाटी दिसली की मी वाटीच पालथी करते. गावात विचारा.

एका वाक्याची मला फार चीड. सगळ्या सासवा तेच म्हणतात. "एकदा केल्यानं काय होतंय?" मी म्हणते, विहिरीत एकदाच पडून बघा की मग.

हे सगळं माझ्या लेकीला, ऋतिकाला, दुसरी-तिसरीत असल्यापासून पाठ. मला तवा ट्रेनिंगमधी नवीन तक्ता दिला होता. मी घरी म्हणून बघायची आन् ही तक्ता धरून पुढं उभी राहायची. कुठं चुकलं की सांगायची, "आई, श्वास साठच्या वर म्हंजी धोका, पन्नास न्हाई." एवढीशी होती.

ती लग्न होऊन यवतला गेली. चांगलं घर हाय. शेवंतीचा, निशिगंधाचा मळा, दारात गाडी, सासरे जयसिंगराव सोसायटीचे चेअरमन, घरात सारखी माणसांची उठबस. जावई ज्ञानेश शांत, आईपुढं तर लईच शांत. आन् माझी विहीण पुतळाबाई. बाई वाईट न्हाई बरं का. सुनेला कधी उपाशी ठेवलं न्हाई, कधी हात उगारला न्हाई. पण तिचा शब्द पडला की पडला. चार माणसांत ती बोलायला लागली की जयसिंगराव सुदीक चहाच्या कपात बघत बसतात. आन् आम्ही मुलीकडचे. माझा नवरा बाळासो पाच पांडाच्या तुकड्यात भाजी करून तळेगावच्या बाजारात नेऊन विकणारा माणूस. लग्नाच्या बैठकीपासून आमची मान जी खाली गेली ती खालीच.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आईबापाच्या जबाबदारीवर. ऋतिकाचं शिरूरच्या दवाखान्यात सिझर झालं. मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम.

वजन कमी, पण मी घाबरले न्हाई. उलट आतून फुशारले, खोटं कशाला बोलू. म्हणलं, आता बघा, ही हात धुवा बाई स्वतःच्या घरात काय करती ते! दवाखान्यातच बाळाला ऋतिकाच्या छातीशी बांधलं, डोक्याला टोपडं, पायात मोजे. दर दोन तासांनी पाजणं. ऋतिका टाके दुखत असताना सुदीक म्हणायची, "आई, घड्याळ बघ." चौथ्या दिवशी घरी आणलं. दाराशी साबण आन् पाण्याची बादली ठेवली. बाळासोला दोनदा परत पाठवला मी हात धुवायला. शेजारच्या बायका बघून गेल्या आन् म्हणल्या, बाई जसं सांगती तसंच वागती हो.

पाचव्या दिवशी, पाचवीला, विहीणबाई आल्या.

गाडीतनं उतरल्या त्या हातात स्टीलचा डबा घेऊनच. डब्यात लाकडी घाण्याचं खोबरेल. "दुकानातलं न्हाई, आमच्या घरच्या नारळाचं हाय," म्हणल्या. हात धुतले त्यांनी, मी बादली दाखवल्यावर जरा हसून धुतले. मग पोरीला मांडीवर घेतलं, न्याहाळलं आन् म्हणल्या, "रंग आमच्याकडचा घेतलाय. नाक तेवढं बसकं हाय. तुमच्याकडचं दिसतंय."

खोलीत बायका होत्या. हसल्या सगळ्या. मीबी हसले.

"काय हरकत न्हाई," विहीणबाई म्हणल्या. "आत्तापासून तेल सोडून ओढलं की येतंय वर. आमच्या ज्ञानूचं न्हाई का आणलं? चला, पाणी तापवा. पाचवीची अंघोळ आजीच्या हातची."

आता इथं, बघा, इथं मी बोलायला पायजे होतं. म्हाळसाबाईची सहाण धुवायला मला अर्धं मिनिट लागलं न्हवतं. वाक्य तोंडात तयार होतं. 'विहीणबाई, वजन कमी हाय, अंघोळ न्हाई, तेल न्हाई.' आठ शब्द. पण मी पाणी तापवायला गेले. खोटं न्हाई सांगत, चुलीपुढं बसून मी मनात म्हणत होते, आता परत जाऊन सांगते, पाणी तापल्यावर सांगते, पाट मांडल्यावर सांगते.

मोरीत पाट मांडला. विहीणबाई पाय लांब करून बसल्या, पोरीला नडग्यांवर पालथं घातलं. हात सराईत होते, ते मी नाकारत न्हाई. तेलानं अंग चोळलं, उताणी करून टाळू भरली. पोरगी रडायला लागली. खाटेवरनं ऋतिका उठायला बघत होती, टाक्यांमुळं उठता येईना.

"आत्याबाई, नाकात नको," ती म्हणली. "आई सांगती ना, नाकात घालायचं न्हाई."

विहीणबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. गमतीनं. म्हणल्या, "काय हो विहीणबाई? तुमच्या सरकारी पुस्तकात लिहिलंय व्हय तसं? मी चार लेकरं वाढवली, एकाला सुदीक सर्दी न्हाई."

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. आन् ऋतिकाबी. तिची नजर मी आत्ता सुदीक डोळे मिटले की बघते. तिला खात्री होती. आता आई वाटी पालथी करणार, अशी खात्री.

मी म्हणलं, "असू दे गं. एकदा केल्यानं काय होतंय."

माझ्या तोंडानं म्हणलं मी हे.

विहीणबाईंनी दोन्ही नाकपुड्यांत तेल सोडलं. थेंब न्हाई, तेलात बुडवलेला कापूस चांगला चिमटीनं पिळून सोडलं. पोरगी रडत होती, रडताना श्वास आत ओढला आन् एकदम आवाज बंद झाला. तोंड लाल, मग जांभळं. दोनदा ठसकली, नाकातोंडातनं तेल आलं, आन् मग जोरात रडली. विहीणबाई नाक चिमटीत धरून ओढत म्हणल्या, "बघा, कसं मोकळं झालं!" ऋतिकानं भिंतीकडं तोंड केलं. दिवसभर ती पोरीला तेवढी छातीशी घट्ट घेऊन पडून राहिली. संध्याकाळी विहीणबाई यवतला परत गेल्या, तेलाचा डबा आमच्याकडं ठेवून.

पुढच्या दिवशी पोरगी जरा मलूल वाटली. मी स्वतःला म्हणलं, पाहुण्यांच्या गडबडीत दमली असंल. दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर मी बाळंतिणीला उभ्या पायी दवाखान्यात पाठवलं असतं.

सातव्या दिवशी कार्ड भरायचं असतं. माझ्याच घरात माझीच भेट. आन् त्याच सकाळी आमच्या गटप्रवर्तक सुवर्णा मॅडम तपासायला येणार होत्या. त्या सगळीकडं सांगायच्या, "सुलक्षणाताईंचं कार्ड बघा आणि शिका." मी पेन घेतला. तापमान लिहिलं. वजन लिहिलं, पन्नास ग्रॅम घटलेलं. खाली शेऱ्याच्या जागेत मी नेहमी अंघोळ, तेल, घुटी ह्याची नोंद करते. ती पद्धत माझीच, मॅडमना फार आवडलेली. मी लिहिलं : अंघोळ नाही. तेल नाही. वरचे काही नाही.

ऋतिका बघत होती. म्हणली, "आई, काय लिहिलंस?"

"नेहमीचंच," मी म्हणलं.

मॅडम आल्या, कार्ड बघितलं, सही केली आन् चहा घेऊन गेल्या. जाताना ऋतिकाला म्हणल्या, "नशीबवान आहेस, अशी आई मिळाली."

त्या गेल्या आन् तासाभरात पोरीनं दूध सोडलं. तोंडात घेईना. मी कुंची काढून छाती उघडी केली तर बरगड्यांखाली खड्डा पडत होता, प्रत्येक श्वासाला. मी घड्याळ लावून मोजलं. बहात्तर. परत मोजलं. चौऱ्याहत्तर. ऋतिका खाटेवरनं म्हणली, "साठच्या वर म्हंजी धोका." आवाज अगदी तसाच, तक्ता धरून उभी राहायची तसा. बाळासोनं शेजारच्यांची गाडी आणली. शिरूरला पोचेपर्यंत मी पोरीला उघड्या छातीशी धरून बसले होते. दुसरं काय करता येतं मला?

दवाखान्यात लगेच काचेच्या पेटीत ठेवली, नाकाला नळी लावली. जावई आन् विहीणबाई चौफुल्यावरनं न्हावऱ्यामार्गे धावत आले. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, डोळ्यांखाली काळं. विचारायला लागले. ताप होता का? घरात कुणाला सर्दी? बाळाच्या नाकातोंडात काही घातलं होतं का, तेल, घुटी, पाणी?

विहीणबाई लगेच म्हणल्या, "काय सुदीक न्हाई, डॉक्टर. माहेरचं घर पत्र्याचं हाय, गारवा लागला असंल. माझ्याकडं असती तर ही वेळ आली नसती." असं म्हणून त्या माझ्याकडं बघायला लागल्या. ह्या बाईनं ह्या वेळी नजर वळवली असती तर बरं झालं असतं. न्हाई वळवली.

डॉक्टरांच्या हातात माझं कार्ड होतं. ते वाचत म्हणाले, "आशाताईंची नोंद आहे इथं. आजच्याच तारखेची. अंघोळ नाही, तेल नाही. नोंद छान ठेवलीय. मग आपण जंतुसंसर्ग धरून चालू, उद्यापर्यंत वाट बघू."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. समोर विहीण, शेजारी जावई, हातात कार्ड, कार्डावर मॅडमची सही. सांगितलं तर लेकीला जन्मभर सासूचं ऐकावं लागंल. सांगितलं तर बारा वर्षांचं नाव मातीत. असं सगळं एकदम डोक्यात आलं आन् तोंड उघडंच राहिलं.

"कार्ड खोटं आहे," ऋतिका म्हणली.

चाकाच्या खुर्चीत बसली होती, पोटावर हात धरून. डॉक्टर वळले.

"पाचव्या दिवशी अंघोळ घातली. दोन्ही नाकपुड्यांत तेल सोडलं, सासूबाईंनी. बाळ ठसकलं, जांभळं पडलं. मी नको म्हणत होते." मग माझ्याकडं न बघता म्हणली, "कार्ड माझ्या आईनं लिहिलंय. ती तिथंच उभी होती."

डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मला बघितलं. म्हणाले, "आशा तुम्हीच?" मी मान हलवली. ते लगेच आत गेले, छातीचा फोटो काढायला सांगितला. तेल फुप्फुसात उतरलं होतं. उद्यापर्यंत वाट बघितली असती तर काय झालं असतं, ते नर्सनं मला सांगितलं, मी विचारलं न्हवतं तरी.

अकरा दिवस पोरगी पेटीत होती. अकरा दिवस ऋतिका दूध वाटीत काढून आत पाठवत होती, दर दोन तासांनी, घड्याळ लावून. मी भाकरी घेऊन जायची. ती भाकरी खायची, "ठेव तिथं" म्हणायची, संपलं. विहीणबाई एकदा म्हणल्या, "आम्हाला कुठं माहीत होतं एवढं. माहीत असणारी माणसं होती की तिथं." त्यात काय खोटं होतं? त्यांना खरंच माहीत न्हवतं. माहीत मला होतं.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. मी एका घरी गेले, हात धुवा म्हणलं, तर दारात बसलेली म्हाळसाबाई म्हणली, "धुतो की. पण बाई, तुमच्या घरी तेल चालतंय म्हणं?" मी बॅग उचलून पुढच्या घरी गेले. सुवर्णा मॅडमनी माझी कार्डं परत तपासायला घेतली, सगळी. रागावल्या न्हाईत. फक्त आता बैठकीत माझं नाव घेत न्हाईत.

पोरगी वाचली. डिस्चार्जच्या दिवशी मी घरी खोली धुऊन-पुसून ठेवली होती. सव्वा महिना माहेरी राहायची रीत. मी टोपडं, दुपटं घेऊन दवाखान्यात गेले तर ऋतिका ज्ञानेशच्या गाडीत बसलेली. बाळ छातीशी बांधलेलं.

"अगं, इकडं कुठं? आपली गाडी पलीकडं हाय."

"मी यवतला चालले, आई."

"येडी का काय तू! जिनं हे केलं तिच्या घरात चाललीस? तिथं कोण हाय तुझं?"

"कोणच न्हाई," ती म्हणली. "तिथं मला माहीत असतं ना, आपलं कोण न्हाई म्हणून. मी झोपतानासुदीक एक डोळा उघडा ठेवीन. तुझ्या घरी मी दोन्ही डोळे मिटले होते."

ज्ञानेशनं गाडी चालू केली. टोपडं माझ्याच हातात राहिलं.

सव्वा महिन्यानं मी यवतला गेले. बाळंतविडा घेऊन गेले, रिकाम्या हातानं कशी जाणार. ऋतिकाच्या खोलीच्या दाराशी साबण आन् बादली होती. मी लुगड्याचा पदर खोचून हात धुतले, नखांपासून कोपरापर्यंत. आत गेले. पोरगी चांगली भरली होती, तीन किलोच्या वर. नाक बसकंच.

"घेऊ का?" मी विचारलं. स्वतःच्या नातीला घ्यायला मी परवानगी मागितली.

"घे. पण इथंच बस, माझ्यासमोर. बाहेर न्यायचं न्हाई."

विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, जरा लांब. त्यांच्यासाठीबी तोच नियम असावा, कारण त्यांचा हात पुढं आला न्हाई. आम्ही दोघी एका सतरंजीवर बसलो, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारख्या. थोड्या वेळानं विहीणबाई माझ्याकडं झुकून म्हणल्या, "बघताय ना? सख्ख्या आजीला हात लावू देत न्हाई. तेल तर सोडाच, साधं काजळाचं बोट लावू देईना. आजकालच्या पोरींना लई शहाणपण. तुम्ही तरी सांगा तिला."

माझ्या आत काय तरी एकदम उसळलं. मी मोठ्यानं म्हणलं, "विहीणबाई, काजळ लावायचं न्हाई. तेल न्हाई, घुटी न्हाई. ती सांगती तेच बरोबर हाय. आन् ह्यापुढं तिला कुणी टोकायचं न्हाई. तुम्हीबी न्हाई."

बाहेर जयसिंगरावांपाशी बसलेली माणसं सुदीक दाराकडं वळून बघायला लागली. विहीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, झालं, बोलले मी. मी ऋतिकाकडं बघितलं.

तिनं उठून माझ्या मांडीवरनं पोरीला उचलून घेतलं, कारण दोन तास झाले होते, पाजायची वेळ होती. खाटेवर बसली, पदर सारखा केला.

"आता कशाला बोलतेस, आई," ती म्हणली. रागानं न्हाई. दमल्यासारखी. "आता मी हाय ना."

मग तिनं घड्याळ बघितलं आन् भिंतीवरच्या कागदावर वेळ लिहिली. अक्षर माझ्यासारखंच हाय तिचं. पण तिनं जे झालं तेच लिहिलं.